वाचकांचे प्रश्न : मोटारीच्या पेटीत सिम घातल्यानंतर

मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत या वेळी बहुतेक प्रश्न सिमवर किंवा इंटरनेटवर चालणाऱ्या उपकरणांचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : बोअरवर ५ एचपीची सबमर्सिबल आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणारी सिमची पेटी, बसवला. मागच्या महिन्यात सिमची कंपनी बदलून जिओ घेतलं, नंबर तोच ठेवला. तेव्हापासून पेटी फोनच उचलत नाही. दुकानदार म्हणतो नवी पेटी घ्या. दुसरं असं, की बोअरचं पाणी अर्ध्या तासात तुटतं तरी मोटार चालूच राहते. काय करावं? (शेतकरी, अंबड तालुका)

उत्तर : पेटी बिघडली असण्याची शक्यता कमी आहे. बाजारातल्या जुन्या पेट्यांत टूजीचे मॉडेम, म्हणजे सिमवरून जाळ्याला जोडणारा भाग, असते. जिओचे जाळे २०१६ साली सुरू झाले तेच मुळी फोरजीवर, त्यांच्याकडे टूजी कधी नव्हतेच. त्यामुळे नंबर तोच राहिला तरी पेटीला रेंज मिळणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचे सिम चालेल, पण तुमच्या बोअरपाशी यांपैकी कोणाची टूजी रेंज आहे ते आधी बघा. त्यासाठी स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ‘फक्त टूजी’वर ठेवा आणि एकेक सिम घालून पेटीजवळ उभे राहा. घरी रेंज आहे म्हणून शेतात असेलच असे नाही. ज्या सिमवरून तिथे स्पष्ट बोलता येईल तेच घ्या. पेटीत घालण्याआधी साध्या फोनमध्ये टाकून इनकमिंग चालू आहे का आणि सिमला पिनचे कुलूप नाही ना, हे तपासा. कुलूप असलेले सिम पेटीला उघडता येत नाही.

पेटीतल्या बऱ्याच टूजी कार्डांवर (कार्ड म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक पाटी, सिम नव्हे) नेटवर्कचा बारीक दिवा असतो. तो साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर रेंज शोधतो आहे आणि तीन सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल तर रेंज मिळाली आहे असे समजा. अँटेना पत्र्याच्या पेटीच्या आत ठेवू नका. बाहेर काढून उभी लावा आणि मोटारीच्या केबलपासून हातभर लांब ठेवा. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

नवी पेटी घ्यावीच लागली तर ‘फोरजी आहे का’ एवढेच विचारून थांबू नका, ‘फोरजीवरचा कॉल घेते का’ हेही विचारा. काही फोरजी मॉडेम डेटा फोरजीवर घेतात आणि कॉलसाठी टूजीवर उतरतात. तसली पेटी जिओवर मिस्ड कॉल ओळखणार नाही. दुकानातच तुमचे सिम घालून मोटारीच्या जागी बल्ब लावून दाखवायला सांगा.

आता पाणी तुटण्याचे. स्टार्टरला पाणी दिसत नाही, करंट दिसतो. पंपाला पाणी मिळेनासे झाले की मोटारीवरचा भार उतरतो आणि अँपिअर कमी होतात. त्या उतरलेल्या आकड्यावर मोटार तोडायची, याला ड्राय रनचे सेटिंग म्हणतात. ते कारखान्यातून जसे येते तसे ठेवले तर तुमच्या मोटारीला बसेलच असे नाही. बोअर भरलेली असताना मोटार सुरू करा आणि दहा मिनिटांनी तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने, म्हणजे वायरीला चिमट्यासारख्या लावायच्या मीटरने, मोजा. समजा ८ अँपिअर आला. मग पाणी तुटायच्या वेळी पाइपपाशी माणूस उभा करून पुन्हा मोजा. समजा ५.५ झाला आणि काटा हलू लागला. सेटिंग या दोन आकड्यांच्या मधे, पण वरच्याच्या जवळ ठेवा, म्हणजे ७ च्या आसपास. तोडण्याआधीचा वेळ ५ ते १० सेकंद ठेवा. त्याहून कमी ठेवला तर हवेच्या एका बुडबुड्यानेही मोटार बंद पडेल. पुन्हा सुरू होण्याचा वेळ बोअर भरायला किती लागतो त्यावरून ठरवा. सबमर्सिबलची मोटार पाण्यानेच थंड होते आणि तिचे थ्रस्ट बेअरिंगही पाण्यावरच फिरते. कोरडी चाललेली काही मिनिटेही तिला महाग पडतात.

एक चूक फार होते. नंतर कोणी कॅपॅसिटर बसवला आणि तो पेटीतल्या सीटीच्या (करंट मोजणाऱ्या कड्याच्या) पुढे, म्हणजे मोटारीच्या बाजूला जोडला, तर पेटीला दिसणारा करंट एकदम कमी होतो. मग मोटार व्यवस्थित चालत असतानाही ड्राय रनवर तुटते आणि पेटीला दोष लागतो. कॅपॅसिटर जरूर बसवा, ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा लागतो. बसवल्यावर सेटिंग मात्र नव्याने करा.

महावितरण शेतकऱ्यांना लाइट येताच मोटार आपोआप लावणारा ऑटो स्विच काढायला सांगते, त्यामागचे कारण खरे आहे. १०० केव्हीएच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) ५ एचपीच्या पंधरा मोटारी चालताना सहज निभतात, कारण एक मोटार पावणेसहा केव्हीएच्या आसपास घेते. पण लाइट येताच सगळे ऑटो एकाच सेकंदाला लागले तर सुरुवातीचा करंट पाच-सहा पट असतो. मग डीपीवर ४०० केव्हीएच्या वर भार येतो, फ्यूज उडतात आणि शेवटी डीपी जळतो. मोबाईल स्टार्टरमध्ये लाइट आल्यापासून मोटार लागेपर्यंतचा वेळ ठरवता येतो. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा वाटून घ्या. पहिल्याने ३० सेकंद ठेवावा, दुसऱ्याने ६०, तिसऱ्याने ९०. याला पैसा लागत नाही आणि जळालेला डीपी बदलून मिळेपर्यंत पीक सुकत नाही.

आणि हे कुणीही विसरू नका. बोअरवर किंवा पेटीत हात घालण्याआधी मेन स्विच पाडा आणि फ्यूजचे कॅरिअर काढून खिशात ठेवा. मोबाईलवरून मोटार बंद केली म्हणजे लाइट तुटली असे होत नाही. घरून दुसऱ्या कुणी फोन लावला तर मोटार लागते.

प्रश्न : वळवाचा पाऊस आला की कार्ड जळतं. तीन वर्षांत दोन वेळा झालं. (कंधार तालुका)

उत्तर : बहुतेक वेळा वीज थेट पेटीवर पडलेली नसते. ती दूर कुठेतरी तारेवर किंवा जमिनीवर पडते आणि तिचा झटका लाइनमधून येतो. त्याला वाट द्यायला सर्ज अरेस्टर लागतो, पण अर्थिंग बरोबर नसेल तर अरेस्टर असून नसल्यासारखाच. काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी होते. वळीव येतो नेमका त्याच दिवसांत. पाइप किमान अडीच मीटर खोल असावा, भोवती कोळसा-मीठ भरलेले असावे आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावे. अरेस्टरपासून अर्थपर्यंतची वायर जितकी आखूड आणि सरळ असेल तितके चांगले. पेटीजवळ वेटोळे करून ठेवलेली लांब वायर झटका अडवते आणि तो कार्डात शिरतो. टाकीपर्यंत किंवा ठिबकच्या व्हॉल्व्हपर्यंत लांब वायर गेली असेल तर तिच्यातूनही झटका येतो, म्हणून त्या टोकालाही संरक्षण लावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची आगाऊ सूचना देते. ते फोनमध्ये ठेवा आणि सूचना आली की पेटीचा मेन पाडून घरी जा.

प्रश्न : मोसंबीला ओलावा मोजणारा सेन्सर बसवला. पाणी दिल्यावर बरोबर दाखवतो, पण बहरासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडली तेव्हापासून काहीही आकडे दाखवतोय. कंपनीचा माणूस म्हणतो जमीनच खराब आहे. (बदनापूर तालुका)

उत्तर : जमीन खराब नाही. काळी जमीन सुकली की आकसते आणि सेन्सरपासून सुटते. ताणाच्या दिवसांत तर ती भेगाळतेच. एकदा फट पडली की सेन्सर मातीऐवजी हवा मोजतो आणि अचानक शून्याजवळ जातो. पुढे पाणी सोडले की तेच पाणी फटीतून सरळ खाली उतरते आणि सेन्सर एकदम ‘ओले’ दाखवतो. भोवतालची माती तेव्हाही कोरडीच असते. हा दोष जमिनीचा किंवा यंत्राचा नाही, बसवण्याच्या पद्धतीचा आहे.

बसवताना माती वाफशावर, म्हणजे ना कोरडी ना चिखल अशी, हवी. कोरड्यात किंवा चिखलात बसवू नका. सेन्सरच्या जाडीइतकेच भोक गिरमिटाने पाडा. त्याच खोलीची माती चाळून पाण्यात लापशीसारखी कालवा, भोकात ओता आणि सेन्सर हलक्या हाताने त्यात दाबा. वरची माती थर देऊन ठोका आणि वायर जमिनीतून वर येते तिथे थोडा उंचवटा करा, म्हणजे वरचे पाणी वायरीच्या कडेने आत उतरणार नाही. जागा ड्रिपरच्या अगदी खाली नको. ओल पसरते त्या भागात, ड्रिपरपासून ३० सेंटिमीटरच्या आसपास असावी. एक सेन्सर ३० सेंटिमीटर खोल आणि दुसरा ६० सेंटिमीटर खोल लावा. वरचा ‘केव्हा द्यायचे’ ते सांगतो आणि खालचा ‘किती जास्त झाले’ ते. पाणी दिल्यानंतर दर वेळी खालचा ओला होत असेल तर मुळांच्या खाली पाणी आणि खत दोन्ही वाया जात आहे. आमच्या मते खालचा सेन्सर वरच्यापेक्षा जास्त पैसे वाचवतो, आणि लोक नेमका तोच घेत नाहीत.

ॲपमधल्या टक्क्यांवर जाऊ नका. ते टक्के बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी मातीवर जुळवलेले असतात. चिकणमाती आणि क्षारयुक्त पाणी असले की विद्युत पद्धतीचे सेन्सर ओल जास्त दाखवतात. तुमच्या बागेचे दोन आकडे तुम्हीच पाडा. भरपूर पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी माती वाफशावर आली की जो आकडा दिसेल तो ‘भरले’. त्यानंतर हातात घेतलेली माती वळताना भेगाळू लागली आणि दुपारी पाने मलूल दिसू लागली की जो आकडा असेल तो ‘रिकामे’. पाणी ‘रिकामे’ येण्याच्या बरेच आधी द्यायचे. मधल्या अंतराचा निम्मा भाग संपला की द्या.

ताणाच्या काळासाठी टेन्सिओमीटर, म्हणजे माती पाणी किती जोराने ओढते ते मोजणारी पाण्याची नळी, घेतला असेल तर एक लक्षात ठेवा. तो सुमारे ८० सेंटिबारपर्यंतच चालतो (सेंटिबार हे त्या ओढीचे माप, आकडा जास्त म्हणजे माती कोरडी). पुढे त्याच्या नळीत हवा शिरते आणि काटा खाली येतो. तो खाली आला म्हणजे बागेला ओल मिळाली असा अर्थ काढून अनेकांचा ताण फसतो. ताण मोजायचा असेल तर २०० सेंटिबारपर्यंत दाखवणारे जिप्समचे दाणेदार सेन्सर बरे. टेन्सिओमीटर ताणात काढून ठेवा आणि पाणी सोडायच्या आधी नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून परत लावा.

दोन काट्यांचे स्वस्त सेन्सर शेतासाठी घेऊच नका. सतत डीसी करंट गेल्याने त्यांचे काटे काही आठवड्यांत कुरतडले जातात.

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्रावर बल्क कूलर (दूध थंड ठेवणारी टाकी) आहे. रात्री लाइट गेली तर सकाळी दूध फाटल्यावर कळतं. तापमानाचा मेसेज येईल अशी सोय स्वस्तात होते का? (भूम तालुका)

उत्तर : होते. तारेच्या टोकाला स्टीलच्या नळीत बसवलेला डीएस१८बी२० हा सेन्सर पुरेसा आहे. त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असते. घेतल्यावर थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून त्यात दहा मिनिटे ठेवा. शून्याच्या जवळ दाखवला तरच वापरा. नुसता झाकणाला चिकटवू नका, कूलरला सेन्सरसाठी दिलेल्या नळीत खाली घाला.

खरे कौशल्य सूचना केव्हा यावी ते ठरवण्यात आहे. ४ अंशांच्या वर गेले की मेसेज असे ठेवले तर रोज ताजे दूध ओतताना मेसेज येईल आणि आठ दिवसांनी कुणी तो बघणार नाही. म्हणून संकलन संपल्यापासून दीड तासानंतरही तापमान ६ अंशांच्या वर असेल तरच सूचना येईल असे ठेवा. लाइट जाण्याची आणि कॉम्प्रेसर बंद पडण्याची सूचना वेगळी ठेवा, कारण दूध तापण्याच्या बरेच आधी ती येते आणि जनरेटर लावायला वेळ मिळतो. रात्री दोनला मेसेजने कुणी जागे होत नाही, त्यामुळे कॉल करणारे यंत्र घ्या. त्यात तीन जणांचे नंबर टाका आणि यंत्राला स्वतःची बॅटरी असू द्या. बॅटरी नसलेले यंत्र लाइट गेल्यावर स्वतःच मुके होते, आणि त्याची गरज नेमकी तेव्हाच असते.

प्रश्न : घरी स्मार्ट मीटर बसवलं आणि बिल वाढल्यासारखं वाटतं. आमचा वायफाय तर वापरत नसेल ना? (लातूर शहर)

उत्तर : नाही. मीटरमध्ये त्याचे स्वतःचे सिम किंवा रेडिओ असतो, तुमच्या वायफायशी त्याचा संबंध नाही. मीटर जलद पळते का ते घरी तपासता येते. घरातले सगळे बंद करा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा काहीतरी चालू राहिले आहे. मग फक्त १००० वॉटचा हीटर लावा आणि सहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला किती पल्स ते छापलेले असते. ३२०० असेल तर सहा मिनिटांत ३२० च्या आसपास यावेत, कारण ते ०.१ युनिट झाले. व्होल्टेज कमी-जास्त असेल तर दहा टक्के इकडेतिकडे होते. ४०० च्या वर गेले तर आकडे लिहून महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज करा.

प्रश्न : दुकानातला कॅमेरा मोबाईलवर दिसतो. दुसऱ्या कुणाला दिसू शकतो का? (नांदेड)

उत्तर : पासवर्ड कंपनीतून आला तोच असेल तर होय. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कंपन्यांनी आधीच घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, एवढेच. कॅमेरा, डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटर, तिन्हींचे पासवर्ड बदला. बसवणाऱ्याने स्वतःच्या मोबाईलमध्ये तुमचा कॅमेरा जोडून ठेवला असेल तर ॲपमधल्या शेअरच्या यादीतून तो काढा. ही गोष्ट जवळजवळ कुणीच तपासत नाही. कॅमेऱ्यांना ठरावीक सुरक्षा चाचणी सक्तीची झाली ती एप्रिल २०२५ पासून. जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

प्रश्न : परभणीत आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय. सगळीकडे ऐकतो की पुढचा काळ आयओटीचा, म्हणजे सिमवर किंवा इंटरनेटवर चालणाऱ्या उपकरणांचा आहे. आमच्या भागात यात खरंच काम आहे का, की पुण्यालाच जावं लागेल? (विद्यार्थी, परभणी)

उत्तर : काम आहे, पण लोक समजतात तिथे नाही. मराठवाड्यात सर्वांत जास्त पसरलेले असे उपकरण म्हणजे मोबाईल स्टार्टर. रात्रपाळीच्या लाइटला साप-विंचवातून बोअरवर जायचे टळते, म्हणून लोकांनी ते स्वतःच्या पैशाने घेतले. गरीब मुलखात असे उपकरण टिकते ते याच कारणाने, ते आपला रिचार्ज आपणच फेडते. २८ दिवसांच्या पॅकने वर्षाला तेरा रिचार्ज होतात. जे यंत्र तेवढे वाचवत नाही त्याचा रिचार्ज दुसऱ्या वर्षी कुणी मारत नाही. नवे काही बनवायचे मनात आले तर आधी हा हिशेब मांडा.

हा खर्च कमी करण्याची एक वाट आहे आणि तिला आमच्या मते मोठे भविष्य आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना भारतात लहरींचा परवाना लागत नाही. या पट्ट्यावर लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी शक्तीच्या रेडिओ पद्धतीचे सेन्सर सपाट रानात दोन-चार किलोमीटर सहज पोहोचतात आणि बॅटरीवर वर्षानुवर्षे चालतात. उंच टाकीवर एक गेटवे (सेन्सरांचे आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणारी पेटी) बसवला की पन्नास शेतकऱ्यांचे सेन्सर एकाच सिमवर येतात. तेरा रिचार्ज पन्नास घरांत वाटले जातात. बालाघाटाच्या डोंगररांगेत मधे डोंगराची धार आडवी आली की लहर अडते, तिथे दुसरा गेटवे लागतो. कॅमेऱ्याचे चित्र मात्र यातून जाणार नाही, काही बाइटांचे आकडेच जातात.

दुसरे मोठे काम सौर पंपांचे. केंद्राच्या कुसुम योजनेतून २०१९ पासून आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून २०२४ पासून पंप बसत आहेत. त्यांच्याबरोबर दूरवरून नोंद ठेवणारी सिमची पेटी येते आणि कंपनीची देखभाल पाच वर्षांची असते. पाच वर्षे सरलेल्या पंपांची संख्या इथून पुढे दर वर्षी वाढणार. कंट्रोलर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला हवा असेल, तो पुण्याहून येणार नाही.

म्हणून आधी दुरुस्ती शिका, वस्तू बनवणे नंतर. हाताखालून जाणारे बिघाड बरेचसे तेच ते असतात. सिमचे मॉडेम रेंज पकडताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. सप्लाय कमजोर असला की तेवढ्यात कार्ड रिसेट होते आणि लोक रेंजला दोष देतात. मॉडेमच्या पायांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि दणकट सप्लाय एवढ्याने ते सुधारते. काँटॅक्टर (मोटारीची लाइन जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) सुटताना कॉइलचा झटका कार्डाला लागतो, त्यासाठी कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी) लावा. सेन्सरच्या आरएस-४८५ या दोन तारांच्या डेटा लाइनला ए आणि बी उलटे जोडलेले असतात, किंवा लांब लाइनच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर नसतो. पेटीच्या वरच्या बाजूने वायर घेतलेली असते आणि पावसाळ्यात तिथून पाणी शिरते. ग्लँड, म्हणजे वायर आत घेण्याचे घट्ट बूच, नेहमी खालून घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत लिथियमची बॅटरी फुगते. पेटी पांढरी रंगवा, सावलीला घ्या आणि बॅटरी बदलताना लिथियम आयर्न फॉस्फेटची टाका.

ईएसपी३२ सारखा वायफाय असलेला चिप बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, त्यावर सराव करा. विकायची वस्तू बनवायची वेळ आली तर रेडिओचे मॉड्यूल आधीच मंजुरी मिळालेले घ्या आणि ॲडॉप्टर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा घ्या. सिमसह सेवा विकायची असेल तर दूरसंचार विभागाकडे एमटूएम (यंत्राने यंत्राशी बोलण्याच्या) सेवेची नोंदणी करावी लागते.

सुरुवातीला टाँग टेस्टर, मल्टिमीटर, चांगला सोल्डरिंग गन आणि तिन्ही टूजी कंपन्यांचे एकेक चालू सिम एवढे पुरे. तुमच्या गावातल्या दहा पेट्यांची वही करा. प्रत्येक पानावर मोटारीचा एचपी, भरल्या बोअरचा करंट, पाणी तुटतानाचा करंट, केलेले सेटिंग, सिमचा नंबर आणि रिचार्ज संपण्याची तारीख लिहा. रिचार्ज संपायच्या दोन दिवस आधी त्या शेतकऱ्याला फोन करा.